विकास परवानगीची मुदतवाढ (महाराष्ट्र)

विकास परवानगीची मुदतवाढ म्हणजे नियोजन प्राधिकरणाने एखाद्या बांधकामास दिलेल्या परवानगीचा काळ कायद्याने ठरविलेल्या मर्यादेत वाढवून देण्याची प्रक्रिया होय. महाराष्ट्रात ही प्रक्रिया मुख्यतः महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ आणि त्याखालील विकास नियंत्रण नियमावल्यांनुसार चालते. गृहनिर्माण प्रकल्प रखडल्यास या परवानगीबरोबरच स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ (रेरा) अन्वये झालेल्या प्रकल्प-नोंदणीची मुदतही वाढवून घ्यावी लागते.

या दोन मुदतींखेरीज तिसरी एक मुदत असते. सदनिका खरेदीदाराच्या करारनाम्यात लिहिलेली ताब्याची तारीख ही ती मुदत होय. नगररचनेच्या परवानगीची मुदत काम वेळेवर सुरू झाले की नाही हे पाहते, रेरा-नोंदणीची मुदत प्रकल्प केव्हा पूर्ण होणार हे पाहते, तर करारनाम्यातील मुदत खरेदीदाराला घर केव्हा मिळणार हे सांगते. तिन्ही मुदती वेगवेगळ्या कायदेशीर पायांवर उभ्या असल्यामुळे त्यांपैकी एक वाढली म्हणून दुसरी आपोआप वाढत नाही.

परवानगीला मुदत असण्याची कारणे

बांधकामाची परवानगी ही त्या वेळच्या विकास योजनेवर व नियमांवर आधारलेली असते. रस्त्यांची रुंदी, पाणीपुरवठा, सांडपाणी व्यवस्था, आरक्षणे आणि अनुज्ञेय चटई क्षेत्र निर्देशांक यांचा विचार करून ती दिली जाते. काळाच्या ओघात या बाबी बदलतात. परवानगी अमर्याद काळ वैध राहिली, तर जुन्या नियमांनुसार मंजूर झालेल्या पण प्रत्यक्षात न उभारलेल्या इमारतींचा भार पुढील नियोजनावर पडतो. तसेच केवळ परवानगी मिळवून जमिनीचे मूल्य वाढविण्याची आणि काम न करता ती राखून ठेवण्याची प्रवृत्ती बळावते. मुदतीच्या तरतुदीमागे या दोन्ही गोष्टींना आळा घालण्याचा हेतू आहे.

दुसऱ्या बाजूस, अर्धवट बांधलेल्या इमारतीची परवानगी केवळ तारीख उलटली म्हणून संपुष्टात आणल्यास जागेवर सांगाडा उभा राहतो, कर्ज थकते आणि पैसे भरलेल्या खरेदीदारांचे घर आणखी दूर जाते. त्यामुळे कायद्याने मुदतीबरोबर मुदतवाढीचीही सोय ठेवली आहे.

नगररचना कायद्यातील तरतूद

१९६६ च्या अधिनियमातील कलम ४४ अन्वये परवानगीसाठी अर्ज केला जातो आणि कलम ४५ अन्वये प्राधिकरण परवानगी देते किंवा नाकारते. परवानगी मिळाल्यावर प्रारंभ प्रमाणपत्र दिले जाते. बोलीभाषेत त्याला ‘सीसी’ म्हणतात.

कलम ४८ नुसार परवानगी मिळाल्याच्या दिनांकापासून ती एक वर्ष अमलात राहते व त्यानंतर व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपुष्टात येते. अर्ज केल्यास प्राधिकरणाला ही मुदत वर्षागणिक वाढवून देता येते. मात्र वाढवून दिलेला एकूण काळ तीन वर्षांपेक्षा अधिक असू शकत नाही. मूळ एक वर्ष आणि वाढीव तीन वर्षे मिळून परवानगीचे कमाल आयुष्य चार वर्षांचे ठरते. या काळात बांधकाम जोत्यापर्यंत पूर्ण झाले नाही, अथवा जोते नसलेल्या इमारतीत तळघराच्या किंवा स्टिल्टच्या वरच्या पातळीपर्यंत पोहोचले नाही, तर नव्या परवानगीसाठी अर्ज करणे आवश्यक असते. परवानगी व्यपगत झाली तरी नव्याने अर्ज करण्यास कायद्याची आडकाठी नाही.

व्यपगत होणे आणि रद्द होणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. कलम ५१ अन्वये प्राधिकरण काही परिस्थितींत दिलेली परवानगी मागे घेऊ शकते किंवा तिच्यात बदल करू शकते. त्यासाठी आदेश काढावा लागतो. कलम ४८ मधील व्यपगती केवळ काळ लोटल्याने घडते. परवानगी व्यपगत झाल्यानंतर केलेले काम विनापरवाना विकास ठरू शकते आणि त्यावर कलम ५३ अन्वये नोटीस काढता येते.

एकत्रीकृत नियमावलीतील कार्यपद्धती

डिसेंबर २०२० मध्ये अमलात आलेली एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली बृहन्मुंबई आणि काही विशेष क्षेत्रे वगळता राज्यातील बहुतेक नियोजन क्षेत्रांना लागू आहे. तिच्यानुसार प्रारंभ प्रमाणपत्र एकूण चार वर्षे वैध राहू शकते. परंतु काम सुरू झाले नसल्यास दरवर्षी त्याचे नूतनीकरण करून घ्यावे लागते. नूतनीकरण प्रत्येकी एक वर्षाप्रमाणे सलग तीन वेळा होऊ शकते. अर्ज मुदतीत न केल्यास आवश्यक शुल्क आकारून विलंब क्षमापित करण्याचा अधिकार प्राधिकरणाला आहे. तथापि प्रमाणपत्राच्या दिनांकापासून चार वर्षांची मर्यादा ओलांडता येत नाही.

वैध मुदतीत काम ‘सुरू’ झाले असेल, तर पुढे नूतनीकरणाची गरज राहत नाही आणि काम पूर्ण होईपर्यंत परवानगी वैध राहते, अशी तरतूद याच नियमावलीत आहे. येथे ‘सुरू’ या शब्दाला विशिष्ट अर्थ आहे. केवळ भूमिपूजन, कुंपण किंवा खोदाई म्हणजे प्रारंभ नव्हे. इमारतीच्या बाबतीत जोत्यापर्यंतचे काम, आणि जोते नसल्यास तळघराच्या किंवा स्टिल्टच्या वरच्या पातळीपर्यंतचे काम पूर्ण झाले, तरच ते सुरू झाले असे मानले जाते. भूखंडाच्या अभिन्यासासाठी अंतिम सीमांकन आणि खडीचे रस्ते पूर्ण होणे हा निकष आहे.

यावरून नगररचनेच्या मुदतीचे स्वरूप स्पष्ट होते. जोते वेळेत झाले की ही मुदत थांबते. त्यानंतर इमारत दहा वर्षे रखडली, तरी या नियमामुळे परवानगी संपत नाही. त्यामुळे ‘प्रकल्पाची परवानगी वैध आहे’ या विधानातून इमारत केव्हा पूर्ण होईल याविषयी काहीच निष्पन्न होत नाही.

मुंबईतील पद्धत

बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या क्षेत्रात विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, २०३४ लागू असून ती २०१८ पासून अमलात आली. मुंबईत आराखड्यांच्या मंजुरीच्या वेळी मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३४६ अन्वये ‘नापसंतीची सूचना’ देण्याची जुनी प्रथा आहे. नाव नकारात्मक असले, तरी अटींची पूर्तता केल्यास काम करता येईल असा त्याचा व्यावहारिक अर्थ असतो. ‘आयओडी’ या संक्षेपाने ती परिचित आहे.

त्यानंतरचे प्रारंभ प्रमाणपत्र सामान्यतः टप्प्याटप्प्याने मिळते. प्रथम जोत्यापर्यंत, जोत्याची तपासणी झाल्यावर पुढील मजल्यांसाठी आणि अखेरीस पूर्ण उंचीसाठी ते वाढविले जाते. यामुळे ‘सीसी वाढवून मिळाली’ या शब्दप्रयोगाचे दोन अर्थ संभवतात. एक अर्थ अधिक मजल्यांना परवानगी मिळाली असा, तर दुसरा अर्थ प्रमाणपत्राची कालमर्यादा वाढली असा. प्रकल्पाची कागदपत्रे वाचताना कोणता अर्थ अभिप्रेत आहे हे पाहावे लागते.

नव्या परवानगीचे परिणाम

चार वर्षांत जोते न झाल्यास घ्यावी लागणारी नवी परवानगी ही केवळ औपचारिकता नसते. ती त्या दिवशी लागू असलेल्या नियमांनुसार तपासली जाते. दरम्यान रस्तारुंदी, सामासिक अंतरे, अग्निसुरक्षा किंवा वाहनतळाचे नियम बदलले असतील, तर मूळ आराखडा बदलावा लागतो. शुल्क व अधिमूल्यही चालू दराने भरावे लागू शकते. नियम अधिक उदार झाले असल्यास विकासकालाच नव्या नियमांकडे वळणे लाभाचे वाटते. एकत्रीकृत नियमावलीने पूर्वीच्या परवानग्या वैध ठेवल्या आणि नव्या तरतुदींचा लाभ घेण्याचा पर्यायही दिला.

आराखडा बदलण्याच्या विकासकाच्या स्वातंत्र्याला रेराने मर्यादा घातली आहे. कलम १४ नुसार मंजूर आराखड्यात व प्रकल्पाच्या सामाईक क्षेत्रांत मोठे बदल करण्यासाठी किमान दोन-तृतीयांश वाटपग्राहींची लेखी पूर्वसंमती लागते. या कायद्यात विकासकाला ‘प्रवर्तक’ आणि सदनिका घेणाऱ्याला ‘वाटपग्राही’ अशा संज्ञा आहेत.

वीस हजार चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकाम क्षेत्राच्या प्रकल्पांना २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरीही लागते. तिची वैधता स्वतंत्रपणे मोजली जाते. एप्रिल २०२२ मधील दुरुस्तीने अशा प्रकल्पांसाठी ती दहा वर्षे करण्यात आली.

रेराखालील नोंदणी व तिची मुदतवाढ

रेरापूर्वी महाराष्ट्रात सदनिकांच्या विक्रीचे नियमन महाराष्ट्र सदनिका मालकी हक्क अधिनियम, १९६३ (मोफा) करीत असे. त्याच्या कलम ८ मध्ये ताबा वेळेवर न दिल्यास व्याजासह पैसे परत करण्याची तरतूद होती. प्रवर्तकाच्या नियंत्रणाबाहेरील कारणांसाठी तीन महिने आणि ती कारणे कायम राहिल्यास आणखी तीन महिने इतकी सवलत त्यात होती. मात्र प्रकल्पाच्या पूर्णत्वाची तारीख जाहीर करून घेणारी आणि तिच्यावर लक्ष ठेवणारी यंत्रणा नव्हती.

रेराच्या उर्वरित तरतुदी १ मे २०१७ रोजी अमलात आल्या आणि ही उणीव भरून निघाली. प्रवर्तकाने नोंदणीच्या वेळी प्रकल्प किती काळात पूर्ण करणार हे प्रतिज्ञापत्रावर सांगावे लागते आणि नोंदणी तेवढ्याच काळासाठी वैध असते. वाटपग्राहींकडून आलेल्या रकमेपैकी सत्तर टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवून ती बांधकाम व जमिनीच्या खर्चासाठीच वापरावी लागते. राज्यात या कायद्याची अंमलबजावणी महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरण (महारेरा) करते.

नोंदणीच्या मुदतवाढीचे मार्ग पुढीलप्रमाणे आहेत.

१. आपत्तीमुळे मुदतवाढ : कलम ६ नुसार युद्ध, पूर, दुष्काळ, आग, चक्रीवादळ, भूकंप किंवा प्रकल्पाच्या विकासावर परिणाम करणारी अन्य नैसर्गिक आपत्ती ओढवल्यास प्रवर्तकाच्या अर्जावरून नोंदणी वाढविता येते.

२. वाजवी कारणास्तव मुदतवाढ : प्रवर्तकाची चूक नसल्यास, प्रत्येक प्रकरणातील वस्तुस्थिती पाहून व कारणे लेखी नोंदवून, एकूण एक वर्षापर्यंत मुदत वाढविता येते. अर्ज फेटाळण्यापूर्वी अर्जदाराचे म्हणणे ऐकणे बंधनकारक आहे.

३. नोंदणी रद्द करण्याऐवजी ती चालू ठेवणे : नोंदणी रद्द करण्याची कारणे उपस्थित झाली असतानाही कलम ७ (३) नुसार प्राधिकरण वाटपग्राहींच्या हितासाठी अटी घालून ती चालू ठेवू शकते. अशा प्रकरणी महारेराच्या कार्यपद्धतीत निम्म्याहून अधिक वाटपग्राहींच्या संमतीला महत्त्व देण्यात आले. पुढे अशी संमती न मिळाल्यास त्याची कारणे मांडून अर्ज करण्याची वाटही ठेवण्यात आली.

४. स्थगितीचा काळ वगळणे : महाराष्ट्राच्या २०१७ च्या नियमांनुसार न्यायालय, न्यायाधिकरण किंवा सक्षम प्राधिकरणाच्या प्रकल्पविषयक विशिष्ट स्थगिती आदेशामुळे काम करता आले नाही, तर तेवढा काळ नोंदणीच्या मुदतीत धरला जात नाही.

मुदतवाढीच्या अर्जासोबत कामाची सद्यःस्थिती, विलंबाची कारणे आणि सक्षम प्राधिकरणाची वैध परवानगी दाखवावी लागते. नियोजन प्राधिकरणाची परवानगी व्यपगत झालेली असल्यास रेराकडील अर्जाचा पायाच डळमळीत होतो. दोन्ही मुदतवाढी अशा रीतीने एकमेकींशी जोडलेल्या आहेत.

नोंदणी व्यपगत झाल्यास

नोंदणी व्यपगत झाली किंवा रद्द झाली, तर कलम ८ नुसार प्राधिकरण राज्य शासनाशी विचारविनिमय करून उर्वरित काम सक्षम प्राधिकरणाकडून, वाटपग्राहींच्या संस्थेकडून किंवा अन्य मार्गाने पूर्ण करून घेण्याविषयी निर्णय घेऊ शकते. उर्वरित काम करण्याची पहिली संधी वाटपग्राहींच्या संस्थेला दिली जाते. तिने नकार दिल्यावरच दुसऱ्याचा विचार होतो.

व्यवहारात ही संधी घेणे सोपे नसते. बांधकामाचा उर्वरित खर्च, बँकांचा बोजा, जमीनमालकाशी असलेले वाद आणि न विकलेल्या सदनिकांचे मूल्य यांचा मेळ सामान्य कुटुंबांच्या संस्थेला घालावा लागतो. त्यामुळे अनेक खरेदीदार विलंबाने त्रस्त असूनही नोंदणी रद्द होण्यापेक्षा त्याच प्रवर्तकाला मुदतवाढ मिळणे पसंत करतात. त्यांची संमती ही प्रवर्तकावरील विश्वासाची खूण असतेच असे नाही. पुष्कळदा तो दोन अडचणींपैकी कमी अडचणीचा मार्ग असतो. महारेराने २०२४-२५ च्या सुमारास राज्यातील दहा हजारांहून अधिक मुदत उलटलेल्या प्रकल्पांना नोटिसा काढल्या. त्यावरून प्रश्नाची व्याप्ती लक्षात येते. प्रत्यक्षात पूर्ण झालेला परंतु त्याची कागदोपत्री माहिती न भरलेला प्रकल्पही नोंदींत व्यपगत दिसू शकतो.

न्यायालयीन निर्णय

नीलकमल रिअल्टर्स सबर्बन प्रायव्हेट लिमिटेड विरुद्ध भारत सरकार या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने ६ डिसेंबर २०१७ रोजी रेराची घटनात्मक वैधता मान्य केली. एक वर्षाची कमाल मुदतवाढ अन्यायकारक आहे, असा प्रवर्तकांचा एक आक्षेप होता. त्यावर न्यायालयाने असे स्पष्ट केले की, मुदतवाढीनंतरही असाधारण व सबळ कारणांमुळे काम अपुरे राहिल्याची खात्री पटल्यास प्राधिकरण त्याच प्रवर्तकाला उर्वरित काम करू देऊ शकते. नोंदणीच्या वेळी प्रवर्तकाला पूर्णत्वाची नवी तारीख देता येत असली, तरी त्यामुळे आधीचा करारनामा नव्याने लिहिला जात नाही आणि कलम १८ खालील विलंब करारनाम्यातील तारखेपासूनच मोजला जातो, असेही न्यायालयाने सांगितले.

इम्पीरिया स्ट्रक्चर्स विरुद्ध अनिल पटनी या हरियाणातील प्रकल्पाविषयीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२० रोजी हाच मुद्दा पुढे नेला. प्रकल्पाची नोंदणी पुढील तारखेपर्यंत वैध आहे, एवढ्यावरून खरेदीदाराचा दाद मागण्याचा हक्क त्या तारखेपर्यंत लांबणीवर पडत नाही, असा निर्णय झाला. न्यूटेक प्रमोटर्स विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या खटल्यात ११ नोव्हेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने करारनाम्यातील मुदतीत ताबा न मिळाल्यास पैसे परत मागण्याचा वाटपग्राहीचा हक्क बिनशर्त असल्याचे म्हटले. अनपेक्षित घटना किंवा न्यायालयाची स्थगिती यांमुळे हा हक्क बाधित होत नाही.

या निर्णयांचा एकत्रित आशय असा की, मुदतवाढ प्रकल्पाला कायदेशीर अस्तित्व देते; खरेदीदाराला दिलेल्या शब्दातून प्रवर्तकाला मुक्त करीत नाही.

एक काल्पनिक उदाहरण

पुणे परिसरातील एका काल्पनिक प्रकल्पाला १० जानेवारी २०२१ रोजी प्रारंभ प्रमाणपत्र मिळाले असे समजू. जानेवारी २०२२ व जानेवारी २०२३ मध्ये त्याचे नूतनीकरण झाले आणि मार्च २०२३ मध्ये जोते पूर्ण झाले. येथून पुढे नगररचनेच्या दृष्टीने परवानगी काम पूर्ण होईपर्यंत वैध आहे. महारेराकडे पूर्णत्वाची तारीख ३१ डिसेंबर २०२५ अशी दिलेली होती. ती एक वर्षाने वाढून ३१ डिसेंबर २०२६ झाली. एका खरेदीदाराच्या करारनाम्यात मात्र ३० जून २०२५ पर्यंत ताबा देण्याचे लिहिले आहे.

ताबा ३१ डिसेंबर २०२६ रोजी मिळाल्यास परवानगी कधीच संपलेली नसते आणि नोंदणीही वैध असते. तरीही या खरेदीदाराच्या दृष्टीने विलंब अठरा महिन्यांचा आहे. तो प्रकल्पात राहू इच्छित असल्यास कलम १८ नुसार प्रत्येक महिन्याच्या विलंबासाठी व्याज मागू शकतो. महाराष्ट्रात हा दर भारतीय स्टेट बँकेच्या निधी-खर्चावर आधारित सर्वोच्च कर्जदरापेक्षा दोन टक्के अधिक असतो. गणितासाठी वार्षिक १० टक्के दर धरला आणि खरेदीदाराने ५० लाख रुपये भरलेले असले, तर व्याज दरमहा सुमारे ४१,६६७ रुपये व अठरा महिन्यांचे साडेसात लाख रुपये होते.

सार्वत्रिक मुदतवाढ

काही वेळा विलंबाचे कारण एका प्रकल्पापुरते मर्यादित नसते. घनकचरा व्यवस्थापनाच्या नियमांची पूर्तता होत नसल्यामुळे मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मुंबईतील नव्या बांधकामांच्या परवानग्यांवर निर्बंध घातले. पुनर्विकासासारख्या काही प्रकारांना त्यातून वगळले होते. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा महिन्यांसाठी सशर्त सूट दिली. कचराभूमीच्या प्रश्नाचा घरबांधणीच्या वेळापत्रकावर झालेला हा परिणाम होता.

कोविड-१९ च्या साथीत मजूर गावी परतले, साहित्याचा पुरवठा थांबला आणि शासकीय कार्यालयेही बंद राहिली. केंद्र शासनाने मे २०२० मध्ये राज्यांच्या प्राधिकरणांना ही आपत्ती कलम ६ मधील आपत्ती मानून, २५ मार्च २०२० रोजी वा त्यानंतर संपणाऱ्या नोंदण्या सहा महिन्यांनी वाढविण्याचा सल्ला दिला. महारेराने १५ मार्च २०२० पासूनचा सहा महिन्यांचा काळ आपत्तीचा काळ मानला आणि वैयक्तिक अर्जांशिवाय मुदती वाढविल्या. विलंबाच्या व्याजाची गणना करताना हा काळ वगळण्याची भूमिकाही त्या वेळी घेण्यात आली. साथीच्या दुसऱ्या लाटेनंतर ऑगस्ट २०२१ मध्ये आणखी सहा महिन्यांची वाढ देण्यात आली. पर्यावरण मंजुरीच्या वैधतेतून १ एप्रिल २०२० ते ३१ मार्च २०२१ हा काळ केंद्राने वगळला.

अशा प्रकारची सार्वत्रिक मुदतवाढ अन्य देशांतही दिली गेली. इंग्लंडमध्ये परवानगी मिळाल्यापासून सामान्यतः तीन वर्षांत काम सुरू करावे लागते. २३ मार्च ते ३१ डिसेंबर २०२० या काळात व्यपगत होणाऱ्या परवानग्या तेथील २०२० च्या कायद्याने १ मे २०२१ पर्यंत वाढविण्यात आल्या. तेथेही मुदत कामाच्या प्रारंभाशी जोडलेली आहे, पूर्णत्वाशी नाही.

खरेदीदारांवरील परिणाम

प्रकल्प लांबल्यास खरेदीदाराला राहत्या जागेचे भाडे आणि न मिळालेल्या घराच्या कर्जाचा भार एकाच वेळी सोसावा लागतो. कर सवलतीचे घड्याळही शासकीय मुदतवाढीमुळे थांबत नाही. आयकर कायद्यानुसार स्वतःच्या राहत्या घराच्या कर्जावरील व्याजाची वजावट जुन्या करप्रणालीत दोन लाख रुपयांपर्यंत मिळते; परंतु कर्ज घेतलेल्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षांत घर पूर्ण न झाल्यास ती तीस हजार रुपयांवर येते.

पुनर्विकासातील मूळ रहिवाशांची स्थिती आणखी वेगळी असते. ते सदनिका विकत घेत नसल्यामुळे त्यांचे हक्क मुख्यतः विकास करारनाम्यावर अवलंबून असतात. बाहेर भाड्याने राहणाऱ्या या कुटुंबांना विकासक भाडे देत असतो आणि प्रकल्प थांबला की पुष्कळदा तेही थांबते. मुंबईतील रखडलेले उपकरप्राप्त इमारतींचे प्रकल्प ताब्यात घेण्याचा अधिकार म्हाडा अधिनियमाच्या कलम ९१-अ ने म्हाडाला दिला आहे. झोपडपट्टी पुनर्वसन योजनांत विलंब करणाऱ्या विकासकाला बदलण्याचा अधिकार १९७१ च्या झोपडपट्टी अधिनियमाच्या कलम १३ (२) मध्ये आहे.

मुदतवाढीच्या मर्यादा

विकासकांची बाजू अशी की, एका प्रकल्पासाठी अनेक खात्यांच्या परवानग्या लागतात आणि त्या वेळेवर न मिळाल्यास विलंबाचा दोष केवळ त्यांच्यावर टाकणे योग्य नाही. खरेदीदारांच्या संघटनांचा आक्षेप असा की, परवानग्यांना लागणारा काळ प्रवर्तकाला नोंदणीच्या वेळी ठाऊक असतो; तो धरूनच तारीख द्यावयास हवी. महाराष्ट्राच्या आदर्श करारनाम्यात शासनाच्या किंवा न्यायालयाच्या आदेशामुळे झालेल्या विलंबासाठी वाजवी वाढ मान्य केलेली आहे. ती कोठपर्यंत लागू करावी, हा वादाचा विषय राहिला आहे.

अनेक प्रकल्प वेळेच्या अभावी नव्हे, तर निधीच्या अभावी थांबलेले असतात. भारतीय बँक संघाच्या अंदाजानुसार देशातील सुमारे ४.१२ लाख घरे अडचणीतील प्रकल्पांत अडकलेली होती. अशा प्रकल्पांच्या अंतिम टप्प्यासाठी केंद्र शासनाने नोव्हेंबर २०१९ मध्ये २५,००० कोटी रुपयांच्या ‘स्वामीह’ निधीची घोषणा केली. या निधीतून पूर्ण झालेला पहिला प्रकल्प मुंबईच्या बोरिवली उपनगरातील होता. जेथे प्रवर्तकाने पैसा अन्यत्र वळविलेला असतो, तेथे मुदतवाढ निरुपयोगी ठरते. उत्तर प्रदेशातील आम्रपाली समूहाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २३ जुलै २०१९ रोजी समूहाची रेरा-नोंदणी रद्द केली आणि अपूर्ण इमारती पूर्ण करण्याचे काम एनबीसीसी या सरकारी कंपनीकडे सोपविले.

मुदतवाढीच्या प्रत्येक अर्जात त्यामुळे दोन प्रश्न एकत्र येतात. आतापर्यंतचा विलंब कशामुळे झाला हा पहिला, आणि मागितलेल्या वाढीव काळात काम पूर्ण करण्यासाठी पैसा, वैध परवानग्या व माणसे उपलब्ध आहेत का हा दुसरा. पहिल्याचे उत्तर प्रवर्तकाचा दोष ठरविते. घर मिळेल की नाही हे दुसऱ्याच्या उत्तरावर अवलंबून असते.